मैदान नंतर, आधी मुलांचा मुक्काम

२०३० ची राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा अहमदाबादला मिळाली आहे आणि २०३६ च्या ऑलिंपिकसाठीही भारत उत्सुक आहे. अशा वेळी तालुक्याच्या क्रीडा मंडळात कुणीतरी विचारतंच, ‘आपल्याकडे परदेशी मुलांची स्पर्धा का भरवू नये?’ प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या वालावलमध्ये लक्ष्मीनारायणाचं देऊळ आहे, तळं आहे, गावाला लागून कर्ली नदी आहे. नेरूरपारच्या पुलावरून गेलं की मालवण, तारकर्ली, देवबागचा समुद्र. चिपीचा विमानतळ जवळ, कुडाळचं रेल्वे स्टेशन अर्ध्या तासावर. निसर्गात काही उणं नाही.

पण यजमानपद निसर्गाच्या जोरावर निभावत नाही. त्यातून पाहुणे बारा ते अठरा वर्षांचे असले की जबाबदारीची जातच बदलते. मोठ्या खेळाडूची गाडी चुकली तर तो रिक्षा करून येतो. चौदा वर्षांचं मूल परक्या देशात, परक्या भाषेत, रस्त्याच्या कडेला उभं राहतं. म्हणून हा लेख मैदान कसं आखावं याबद्दल नाही. मुलांचा दिवस आणि रात्र कशी आखावी, आणि त्यावरून बाकी सगळं कसं ठरवावं, याबद्दल आहे.

आकार ठरवा, मग स्वप्न

महाराष्ट्राला या कामाचा चांगला अनुभव आहे. तिसरी राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा १२ ते १८ ऑक्टोबर २००८ या काळात पुण्यात झाली. ७१ देश, बाराशेच्या वर खेळाडू, नऊ खेळ. दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेतल्या ‘शेरा’ वाघाचा धाकटा भाऊ ‘जिगर’ हा तिचा शुभंकर होता आणि पदकतालिकेत भारत पहिला आला. पण बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल त्या आठवड्यासाठी उभं राहिलेलं नव्हतं. ते १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी बांधलेलं होतं. २००८ साली त्याची डागडुजी झाली, भर पडली. पुढे २०१३ ची आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा आणि २०१९ चे खेलो इंडिया युवा खेळही तिथेच झाले. जे आहे त्यावर भरवलं आणि नंतरही वापरलं, हा पुण्याचा धडा.

‘पुण्याची गोष्ट वेगळी’ असं म्हणाल तर त्यानंतरची स्पर्धा बघा. २०११ ची राष्ट्रकुल युवा स्पर्धा आइल ऑफ मॅन या बेटाने भरवली. या बेटाची लोकसंख्या लाखाच्या आत आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत साडेआठ लाखांच्या घरात होती. त्यांनी सातच खेळ घेतले आणि साठाहून अधिक देशांची मुलं सांभाळली. उलट २०१७ च्या स्पर्धेतून ठरलेल्या यजमानाने, सेंट लुसियाने, माघार घेतली आणि स्पर्धा बहामासकडे गेली. २०२३ साली त्रिनिदाद आणि टोबॅगोने काही खेळ टोबॅगो या धाकट्या बेटावर ठेवले. ठिकाण लहान असणं ही अडचण नाही. ठिकाणाला न पेलणारा आकार घेणं ही अडचण आहे.

आपल्या किनाऱ्याला तीन आकार पेलतील. पहिला, कुठल्यातरी मोठ्या स्पर्धेतल्या एकाच खेळाचं केंद्र होणं. दुसरा, आठ-दहा देशांच्या मुलांची, तीन-चार खेळांची निमंत्रितांची स्पर्धा. तिसरा, मोठ्या स्पर्धेआधी एखाद्या देशाच्या युवा संघाचं सराव शिबिर. तिसरा मार्ग सर्वांत सोपा, आणि सुरुवात तिथूनच करावी. संपूर्ण बहुक्रीडा महोत्सव एकट्या सिंधुदुर्गाने घेऊ नये. घेतलाच तर ओरोस, कुडाळ, मालवण आणि गोव्याच्या मैदानांत वाटून घ्यावा.

खेळ आपल्या पाण्याचे निवडा

मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा भरते. राज्यभरातून लहान-मोठे पोहणारे येतात. पंच, वेळाधिकारी, बोटी आणि पोहणाऱ्यांवर नजर ठेवणारे मच्छीमार ही साखळी तिथे तयार आहे. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा डायव्हिंग प्रशिक्षण संस्था आहे. म्हणजे खुल्या पाण्यातलं पोहणं हा आपला पहिला खेळ. दुसरा किनाऱ्यावरचा: बीच व्हॉलीबॉल किंवा बीच कबड्डी. २०२५ च्या मे महिन्यात दीवच्या घोघला किनाऱ्यावर पहिले खेलो इंडिया बीच गेम्स झाले, त्यांत हे दोन्ही होते. तिसरा सभागृहातला, पाऊस-वाऱ्याची पर्वा नसलेला: टेबल टेनिस किंवा बॅडमिंटन. चौथा प्रात्यक्षिकाचा: मल्लखांब. २०१९ साली मुंबईच्या शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली तेव्हा पंधरा देशांतले खेळाडू आले होते, त्यामुळे परदेशी मुलांना तो अगदीच अपरिचित असेल असं नाही.

कर्लीच्या पात्रात कायाक उतरवायचा मोह होईल. उतरवा, पण आधी नदीवर रोज असणाऱ्या माणसाला बरोबर घेऊन पात्र पायाखाली घाला: जाळी कुठे लावतात, खडक कुठे, ओहोटीला पाणी कुठे उरत नाही. देवबागच्या संगमाच्या बाजूला, जिथे नदी समुद्राला मिळते, तिथे मुलांची कुठलीच शर्यत नको. ओहोटीला तिथली ओढ अनुभवी माणसालाही खेचून नेते.

आणखी एक मर्यादा कायद्याची आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. २९ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा गाभाही येतो आणि त्यात प्रवाळ आहेत. प्रवाळाचा प्रश्न पॅरिस ऑलिंपिकलाही आला: सर्फिंग ताहितीतल्या तेआहुपो या छोट्या गावी, पॅरिसपासून पंधरा हजारांहून अधिक किलोमीटरवर ठेवलं होतं. पंचांसाठी नवा अ‍ॅल्युमिनियमचा मनोरा उभारायचं ठरलं, तेव्हा प्रवाळाची हानी होईल म्हणून गावकरी आणि सर्फर रस्त्यावर उतरले. शेवटी मनोरा लहान आणि हलका करावा लागला. खेळाडूंची सोय गावात न करता जहाजावर केली गेली. आपल्याकडे बोयांचे नांगर कुठे पडणार, पंचांची होडी कुठे उभी राहणार, हे नकाशावर आधी दाखवून वनविभागाशी बोलून घ्या. किनाऱ्यावर तात्पुरता मांडव घालायचा तरी सीआरझेडचा, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा, नियम बघावा लागतो. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. त्या पट्ट्यात रात्रीचे प्रखर दिवे लावू नका.

तारीख: पंचांग, भरती आणि परीक्षा

तारीख ठरवताना हॉल कधी मोकळा आहे हे सर्वांत शेवटी विचारायचं. आधी समुद्र. मेअखेर ते ऑगस्टअखेर जलक्रीडा बंद असतात, ऑक्टोबरात उकाडा मारतो. जागतिक जलतरण महासंघाच्या नियमानुसार खुल्या पाण्यातल्या शर्यतीसाठी पाण्याचं तापमान १६ ते ३१ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावं लागतं. वरच्या मर्यादेमागे एक मृत्यू आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैरा इथे कोमट समुद्रातल्या दहा किलोमीटर शर्यतीत अमेरिकेचा फ्रॅन क्रिपेन बुडून गेला. तो सव्वीस वर्षांचा, तयारीचा खेळाडू होता. मुलांच्या बाबतीत तर पारा तीसच्या वर सरकला की अंतर कमी करायचं, हा नियम स्वतःहून लावून घ्या. समुद्रापुरता सरळ हिशेब असा की जानेवारी उत्तम, फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा चालेल.

मग दिवस. किनाऱ्यावरचा जुना ढोबळ हिशेब बहुतेकांना माहीत असतो: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. नवमीला पावणेसात, दशमीला साडेसात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाण्याचा चढउतार कमी, ओढ कमी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. त्यामुळे सकाळी साडेसातला मुलांना पाण्यात सोडायचं असेल तर नवमी-दशमीकडे बघा: उजेड झालेला, पाणी भरलेलं, ओढ मंद. हा झाला अंदाज. प्रत्येक बंदराची वेळ थोडी मागेपुढे असते, म्हणून पक्की वेळ अधिकृत भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्यायची. लाटांचा इशारा हैदराबादचं सागरी माहिती केंद्र, इन्कॉइस, देतं, तो स्पर्धेच्या आठवड्यात रोज सकाळ-संध्याकाळ बघणं हे एका माणसाचं नेमून दिलेलं काम असावं.

आता माणसांचं वेळापत्रक. नाताळ ते नववर्ष मालवण-तारकर्लीत खोली मिळत नाही आणि रस्ता हलत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा, म्हणजे तुमचे स्वयंसेवक आणि शाळांच्या इमारती दोन्ही गेले. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख छापील कॅलेंडरात शोधू नका. ती देवीच्या कौलाने ठरते. परदेशी संघांना वर्षभर आधी तारीख कळवायची असते, तेव्हा जत्रेच्या नेहमीच्या काळापासून लांब राहणं हाच उपाय.

तारीख एकदा कळवली की ती हलवू नका. पोर्तुगीज वारशाच्या देशांची लुसोफोनिया स्पर्धा गोव्याने नोव्हेंबर २०१३ मध्ये घ्यायची ठरवली होती, ती जानेवारी २०१४ मध्ये झाली. राष्ट्रीय स्पर्धाही गोव्याकडे वर्षानुवर्षं पुढे ढकलली जात शेवटी २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पार पडली. प्रौढ खेळाडू ते सोसून घेतात. मुलांच्या बाबतीत वर्ष उलटलं की वयोगटच उलटतो. ज्या मुलीने सोळा वर्षांखालील गटासाठी दोन वर्षं तयारी केली, ती तारीख पुढे गेल्यामुळे स्पर्धेबाहेर पडते. म्हणून बांधकाम पूर्ण होईल या भरवशावर तारीख देऊ नये. जे आज उभं आहे, त्यावरच द्यावी.

कागदपत्रं, क्रमाने

प्रत्येक खेळाच्या राष्ट्रीय महासंघाची मान्यता आधी. ती नसेल तर परदेशी संघाला त्याचा स्वतःचा महासंघ पाठवणारच नाही. त्यानंतर केंद्रीय युवा व्यवहार आणि क्रीडा मंत्रालय. परदेशी संघ बोलवायचे म्हणजे परराष्ट्र आणि गृह मंत्रालयाच्या मंजुऱ्याही आल्या. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, मेरीटाइम बोर्डाचं बंदर कार्यालय, ग्रामपंचायत हे त्याच वेळी समांतर चालू द्या.

व्हिसा कुठल्या प्रकारचा लागेल हे संघाने आपल्या देशातल्या भारतीय दूतावासाकडून लेखी घ्यावं. ‘पर्यटक व्हिसावर या, काही होत नाही’ असं आपण सांगू नये. परदेशी पाहुणा जिथे राहील त्या घरमालकाने किंवा हॉटेलवाल्याने चोवीस तासांच्या आत त्याची ऑनलाइन माहिती द्यावी लागते. हॉटेलवाले त्याला ‘सी फॉर्म’ म्हणतात. होम-स्टेवाल्या काकू-मामींना तो भरायला शिकवणारी मुलं आधीच तयार ठेवा. परदेशातून देणगी घ्यायची असेल तर एफसीआरए नोंदणी लागते, ती नसलेल्या मंडळाच्या खात्यात पैसे मागवू नयेत. आणि स्पर्धेला हौसेने ‘कोकण ऑलिंपिक’ असं नाव देऊ नका. तो शब्द आणि ती पाच कडी परवानगीशिवाय वापरता येत नाहीत.

वयाचा पुरावा म्हणजे पारपत्र, एवढंच निमंत्रणात लिहा आणि कट-ऑफची तारीख ठळक छापा.

एका मुलीचे चोवीस तास

आता मुख्य काम. एक मोठा कागद घ्या. मॉरिशसहून आलेली पंधरा वर्षांची पोहणारी मुलगी डोळ्यांसमोर आणा. वालावलात मुक्काम, चिवल्याला शर्यत. तिचा एक दिवस लिहून काढा.

पहाटे पाच. तिला कोण उठवतं? तिची प्रशिक्षक दुसऱ्या घरात असेल तर? एका न्हाणीघरामागे किती मुली? गिझर एकदम चालू झाले की फ्यूज उडतो का? हे आदल्या आठवड्यात सगळे नळ आणि गिझर एकाच वेळी चालू करून बघायचं.

साडेपाच. शर्यतीआधी दोन तास हलकं खाणं: केळं, ब्रेड, जॅम, साधा भात. घावणे आणि चटणी शर्यतीनंतर.

सहा. बस. अंधार आहे. नेरूरपारच्या रस्त्याला समोरून डंपर आला तर मोठी बस कुठे थांबते, हे चालकाला माहीत हवं. बसमध्ये एक बाईमाणूस, हातात नावांची यादी, चढताना मोजणी, उतरताना मोजणी. मागे रिकामी दुसरी गाडी. ती बिघाडासाठी.

सात. किनारा. कपडे बदलायला ताडपत्रीचा आडोसा नको, कडी लागणारं दार हवं. दंडावर नंबर घालायचा तर मुलींच्या दंडावर मुलींनीच घालायचा. मोबाइल घेऊन आलेले प्रेक्षक या भागापासून लांब, दोरीपलीकडे.

साडेसात. शिटी. प्रत्येक छोट्या गटामागे एक कायाक, मोठ्या बोटीचा पंखा मुलांपासून लांब. पाण्यात गेलेल्यांची आणि बाहेर आलेल्यांची संख्या दोन वेगळी माणसं मोजतात. दोघांचा आकडा जुळेपर्यंत कुणीही बक्षिसाचं बोलायचं नाही.

साडेनऊ. गोड्या पाण्याचा शॉवर. मीठ अंगावर घेऊन तासभर बसमध्ये बसलेलं मूल दुसऱ्या दिवशी खाजवत उठतं. मग उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज. पाणी, मीठ आणि पिष्ट एकाच वाडग्यात.

ती हरली आहे आणि रडते आहे. तिच्याजवळ कोण बसणार? हा प्रश्न गंभीरपणे लिहा. प्रत्येक संघाबरोबर, पदकाशी संबंध नसलेली एक सोबतीण असावी.

दुपार. झोप. खिडक्यांना जाड पडदे. वाडीत कुणाकडे पूजा असेल तर लाऊडस्पीकरची वेळ आधी बोलून ठेवायची.

चार. आईला फोन. मॉरिशसचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणून आई तेव्हा कामावर. फोनची वेळ त्या-त्या देशाप्रमाणे लावायची. नेटवर्क कुठे येतं आणि कुठे जातं, हे गावातल्या पोरांना विचारून वायफायची जागा ठरवायची.

सहा. ती तळ्याकडे फिरायला निघते. देवळाच्या तळ्यात पोहायचं नाही, हे तिला तिच्या भाषेत सांगितलेलं हवं. पट्टीच्या पोहणाऱ्याला पाणी दिसलं की हात शिवशिवतात.

नऊ. दिवे बंद.

या कागदाच्या प्रत्येक ओळीपुढे दोन रकाने आखा: जबाबदार माणसाचं नाव आणि तो नसेल तर दुसरं नाव. लग्नघरात ‘कोण ना कोण बघतलो’ म्हणून भागतं, इथे भागत नाही. ज्या ओळीपुढे नाव लिहिता येत नाही, ती तुमची त्रुटी. मग हाच कागद कबड्डीपटू मुलासाठी, चष्मा विसरून आलेल्या टेबल टेनिसपटूसाठी, पाय मुरगळलेल्या खेळाडूसाठी पुन्हा लिहा. हे तीन-चार कागद झाले की अंदाजपत्रक, स्वयंसेवकांची संख्या, गाड्या, सगळं त्यातून आपोआप निघतं.

मुक्काम आणि मुलांचं संरक्षण

होम-स्टे ही कोकणची ताकद आहे, पण अल्पवयीन पाहुण्यांसाठी तिला शिस्त हवी. एका देशाची मुलं एकाच वाडीत, जवळजवळच्या घरांत. मुलगे आणि मुली वेगळ्या घरांत. एका खोलीत एकटं मूल नको आणि मुलाबरोबर एकटा मोठा माणूस कधीच नको, मग तो प्रशिक्षक असो, डॉक्टर असो की यजमान. बोलायचं ते उघड्या दारी. घरातल्या सर्व मोठ्यांची पोलीस पडताळणी आधी. हे कुणावर संशय म्हणून नाही, सर्वांना सारखं लागू म्हणून करायचं, आणि तसंच समजावून सांगायचं.

पोक्सो कायदा २०१२ सालचा आहे. बालकावरच्या लैंगिक गुन्ह्याची शंका आली तरी पोलिसांना कळवणं तो बंधनकारक करतो आणि न कळवणं हा गुन्हा ठरवतो. ‘मंडळाचं नाव खराब होईल, आधी आपण आपसात बघू’ ही भूमिका म्हणूनच बेकायदेशीर आहे. प्रत्येक मुलाच्या ओळखपत्राच्या मागे संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर, आपत्कालीन ११२ आणि बालमदतीचा १०९८ छापा. तो अधिकारी संघटनेच्या अध्यक्षाचा नातेवाईक नसावा.

फोटोंचं धोरण ठरवा. पालकांची लेखी संमती, पोहण्याच्या पोशाखातले जवळचे फोटो नाहीत, मूल कुठल्या घरात राहतं हे फेसबुकवर नाही. स्वयंसेवक अठराच्या आतले असतील तर त्यांच्याही पालकांची संमती लागते, त्यांनाही रात्री वेळेवर घरी पोचवायचं असतं.

ताट आणि पाणी

आग्रह हा आपला स्वभाव. खेळाडू मुलांना मात्र आग्रह नको. शर्यत संपेपर्यंत साधा भात, वरण, उकडलेली अंडी, भाजलेली कोंबडी, बटाटा, फळं. मालवणी मसाला आणि वाटप वेगळ्या भांड्यात. ज्याला हवं तो घेईल. प्रत्येक पदार्थापुढे पाटी हवी: खोबरं, काजू, शेंगदाणे, कोळंबी-तिसऱ्या, दूध, गहू. आपल्याकडे काजू आणि खोबरं कशात नसतं? आणि त्याच दोन-तीन गोष्टी एखाद्या मुलाच्या जिवावर येऊ शकतात. नावनोंदणीच्या अर्जात अ‍ॅलर्जीचा रकाना ठेवा आणि ती यादी स्वयंपाक्याच्या हातात द्या, कार्यालयाच्या फायलीत नको.

मासळीबद्दल एक काटेकोर नियम. बांगडा आणि त्याच्या जातीचे मासे बर्फाबाहेर राहिले की त्यांत हिस्टामिन तयार होतं. ते शिजवूनही जात नाही, आणि खाणाऱ्याचं अंग लाल होतं, डोकं दुखतं, जुलाब होतात. होडीवरून उतरल्यापासून चुलीपर्यंत बर्फ सुटता कामा नये. तेवढी खात्री नसेल तर मासे नकोतच. प्रत्येक जेवणाचा थोडा नमुना झाकून फ्रीजमध्ये ठेवा. पोट बिघडलं तर कारण शोधता येतं.

आता आकडेमोड. समजा दोनशे मुलं, साठ मोठी माणसं, सात दिवस. दिवसाला चार वेळा खाणं धरलं तर ७,२८० ताटं होतात. पिण्याचं पाणी माणशी पाच लिटर, म्हणजे रोज १,३०० लिटर. आंघोळ आणि कपडे माणशी शंभर लिटर धरले तर रोज २६,००० लिटर. एवढं पाणी जानेवारीत वाडीतल्या विहिरी देतील का, आणि दिलं तर गावाला मे महिन्यात काय उरेल, हे ग्रामसभेत उघड विचारा. शौचखड्डे एवढ्या माणसांना पुरे पडतील का, हा प्रश्न व्यासपीठावर कुणी काढत नाही आणि दुसऱ्याच दिवशी तोच पुढे येतो.

दवाखाना

गावात प्रथमोपचार, कुडाळला ग्रामीण स्तराचा उपचार, ओरोसला जिल्हा रुग्णालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, आणि गंभीर दुखणं असेल तर गोव्यातलं बांबोळीचं मोठं रुग्णालय. जिल्ह्यातल्या माणसाला ‘बांबोळीला नेलं’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. तिथे पोचायला वेळ लागतो हे गृहीत धरून किनाऱ्यावरच ऑक्सिजन, हृदयाला झटका देणारं एईडी यंत्र आणि ते चालवता येणारा माणूस ठेवा. १०८ वर भरवसा असावा, पण किनाऱ्यावर उभी असलेली रुग्णवाहिका वेगळी हवी. ती रुग्ण घेऊन निघाली की दुसरी येईपर्यंत शर्यत थांबवायची. हा नियम लेखी ठेवा.

जेलीफिशचा दंश, कातळावर कापलेला पाय, जांभ्याच्या सड्यावरचं फुरसं, ही आपल्या मातीतली दुखणी. सर्पदंशावरचं प्रतिविष सर्वांत जवळ कुठे आहे हे रोज सकाळी फोन करून विचारायचं. धावण्याच्या सरावाचा मार्ग दोडामार्ग-बांद्याच्या बाजूला नको. जानेवारी ते मे हा तिकडे माकडतापाचा काळ असतो.

उत्तेजक चाचणीच्या वेळी अल्पवयीन खेळाडूबरोबर त्याचा प्रौढ प्रतिनिधी राहू शकतो. ही माहिती संघांना आधी द्या. आणि आपल्या डॉक्टरने सर्दीची गोळी देतानाही बंदी असलेल्या औषधांची यादी बघावी. एका साध्या गोळीने मुलाची दोन वर्षं जातात.

सोहळा आखूड

उद्घाटन तासाभरात संपवा. मंत्र्यांची वाट बघत उन्हात बसलेली मुलं दुसऱ्या दिवशी पळू शकत नाहीत. दशावतार दाखवायचाच, पण रात्री बारानंतरचा नाही. संध्याकाळी पाऊण तासाचा, संकासुरासकट. पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी मुलांच्या हाती देऊन करून बघू द्या. स्मृतिचिन्ह म्हणून सावंतवाडीची लाकडी खेळणी उत्तम. मात्र ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला परतताना लाकडी वस्तू आणि खाद्यपदार्थ विमानतळावर जाहीर करावे लागतात, हे त्या संघांना सांगून ठेवा. आमसुलं कौतुकाने दिली आणि ती तिथे कचऱ्यात गेली, असं नको.

ध्वज आणि राष्ट्रगीत संघव्यवस्थापकाकडून ऐकवून, दाखवून, सही घेऊन मगच वापरा. २०१२ साली कुवेतमधल्या नेमबाजी स्पर्धेत कझाकस्तानच्या सुवर्णविजेतीसाठी एका विनोदी चित्रपटातलं विडंबन राष्ट्रगीत म्हणून वाजलं. इंटरनेटवरून घाईत गाणं उतरवलं की असं होतं.

उलटी मोजणी

दीड वर्ष आधी: आकार, खेळ, तारीख, राष्ट्रीय महासंघांची मान्यता. एक वर्ष आधी: मंत्रालयांचे अर्ज, संघांना निमंत्रण, कोणता खर्च त्यांचा आणि कोणता आपला याचा करार. विमानप्रवास संघाचा आणि उतरल्यापासून परत चढेपर्यंतचा खर्च यजमानाचा, ही सोपी विभागणी. नऊ महिने आधी: घरांची निवड, पडताळणी, जीवरक्षकांचं प्रशिक्षण. सहा महिने आधी: स्वयंसेवकांची निवड आणि त्यांची परीक्षा, नुसती टोपी आणि टी-शर्ट देऊन स्वयंसेवक होत नाही. तीन महिने आधी: व्हिसाची पत्रं, विमा, महावितरणशी बोलणं, जनरेटर. एक महिना आधी: सगळ्या वेळा घड्याळ लावून, बस प्रत्यक्ष चालवून बघणं.

खर्चाला आकडा देताना पहिल्या अंदाजावर विसंबू नका. सिंगापूरने २०१० ची पहिली युवा ऑलिंपिक स्पर्धा १०४ दशलक्ष सिंगापूर डॉलरमध्ये होईल असं धरलं होतं, ती ३८७ दशलक्षांवर गेली. एवढं व्यवस्थित शहर चौपटीच्या जवळ चुकतं, तर आपण राखीव रक्कम किती ठेवावी हे ज्याने-त्याने ठरवावं. प्रायोजक आला नाही तर कोणता खेळ गाळायचा, हे आधीच लिहून ठेवा.

स्पर्धा संपल्यावर गावात काय राहणार, हेही पहिल्याच बैठकीत ठरवा. स्टेडियम राहायला नको, त्याची निगा कोण ठेवणार? शिकलेले जीवरक्षक, परीक्षा दिलेले पंच आणि वेळाधिकारी, आणि गावातल्या मुला-मुलींसाठी वर्षभर चालणारा पोहण्याचा वर्ग एवढं राहिलं तरी यजमानपद वसूल झालं. किनाऱ्यावरच्या गावात वाढून पोहता न येणारी मुलं आजही कमी नाहीत.

आणि परदेशात पहिलं पत्र पाठवण्याआधी एक चाचणी द्या. येत्या हिवाळ्यात राज्यातल्या दुसऱ्या जिल्ह्यातली, विदर्भातली किंवा मराठवाड्यातली, समुद्र न पाहिलेली पन्नास मुलं चार रात्रींसाठी बोलवा. तेच नियम, तीच पडताळणी, तीच ताटं, तेच चोवीस तासांचे कागद. ती मुलं वेळेवर झोपली, पोटं शाबूत राहिली, पाण्यातली मोजणी दर वेळी जुळली आणि घरी गेल्यावर त्यांच्या आयांनी पुन्हा पाठवायची तयारी दाखवली, तर निमंत्रणं छापायला घ्या. नाही तर पुढच्या हिवाळ्यात पुन्हा पन्नास मुलं बोलवा.